जॅकेटला दिलेली धुरी

माझ्या आईला दुसऱ्याच्या अंगावरचा सुटलेला धागा बघवत नाही. नागपुरात एकदा बँकेच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी बाईच्या ब्लाउजची उसवलेली शिवण तिने पर्समधल्या सुईदोऱ्याने तिथल्या तिथे टाचून दिली होती, आणि वर त्या बाईलाच "शिंपी बदल" म्हणून सुनावलं होतं. त्यामुळे अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला आमच्या दारात शेजारचे जर्मन आजोबा उभे राहिले आणि त्यांच्या जॅकेटच्या बाहीतून फाटकं अस्तर मनगटावर लोंबताना आईला दिसलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे प्रकरण इथे थांबायचं नाही.

२००४ सालचा नोव्हेंबर होता. माझी मुलगी नुकतीच झाली होती आणि आई बाळंतपणासाठी आली होती. येताना तिने स्वतःच्या मोजक्या साड्या आणल्या आणि बाकी बॅगा भरून डिंक, अळीव, सुंठ, वावडिंग, ओवा, बाळंतशेपा, ऊद असलं सगळं दुकान आणलं. विमानतळावरच्या माणसाने एकेक पुडी उघडून हुंगली. आईने प्रत्येक पुडीला "बेबी, बेबी" एवढंच उत्तर दिलं. शेवटी तो कंटाळून "जा बाई" म्हणाला, असं ती अजूनही रंगवून सांगते.

मी तेव्हा एच-फोर व्हिसावर होते. म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही, आणि आता बाळंतीण म्हणून घराबाहेर पडायचीही नाही. सव्वा महिना उंबरठा ओलांडायचा नाही हा आईचा कायदा. बाळाला तर खिडकीशीसुद्धा न्यायचं नाही. मी म्हणायचे, अगं, खिडक्यांना दुहेरी काचा आहेत, वारा येणार कुठून? ती म्हणायची, नजर काचेतून येत नाही का? कप्पाळ! आम्ही दोघीही तापट. आमच्याकडे राग आला की आधी बोलून घेतात आणि विचार मागाहून सावकाश करतात. माझा नवरा पुण्याचा. तो आधी विचार करतो, आणि विचार करता करता राग कशाचा आला होता तेच विसरून जातो. त्या दिवसांत ऑफिसमधून आला की तो आधी दाराशी उभा राहून आतला अंदाज घ्यायचा आणि मगच किल्ली लावायचा.

सगळ्यात मोठं भांडण धुरीवरून झालं. झबली आणि दुपटी धुरी दिल्याशिवाय बाळाच्या अंगाला लावायची नाहीत, हे आईचं म्हणणं. घरात निखारा पेटवला की स्मोक अलार्म बोंबलणार, हे माझं. तोडगा जावयाने काढला. उन्हाळ्यात हौसेने घेतलेली बार्बेक्यूची शेगडी त्याने गॅरेजमध्ये मांडली, गॅरेजचं दार वर केलं आणि कोळसे पेटवून दिले. निखारे मंद झाले की आई त्यांवर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं आणि चिमूटभर ऊद टाकायची, वर वेताची टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर कपडे पसरायची. जावईबापूंची शेगडी झकास आहे, असं तिने सर्टिफिकेट दिलं. उंबरठा ओलांडायची बंदी फक्त मलाच होती. स्वतः ती शाल गुंडाळून थंडीत गॅरेजमध्ये तासन्‌तास रमायची. आमचं सगळं घर, बाळ, मी आणि नवऱ्याचे ऑफिसचे शर्ट, सगळ्याला ओव्याचा वास लागला होता.

आमचं टाउनहाउस होतं, शेजारच्या घराला भिंत लागून. पलीकडे जर्मन आजोबा एकटे राहायचे. जर्मन आजोबा हे आमचं घरातलं नाव. तोंडावर मी त्यांना मिस्टर लावून रीतसर आडनावानेच हाक मारायचे. पंचाहत्तरी ओलांडलेला उंच, वाकलेला माणूस. दुसरं महायुद्ध संपून काही वर्षं झाल्यावर बायको आणि लहान मुलाला घेऊन ते जर्मनीहून इथे आले आणि निवृत्त होईपर्यंत डेट्रॉइटच्या गाड्यांच्या कारखान्यात राहिले, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. वर्षभर शेजारी राहून आमची गाडी 'हॅलो' आणि 'आज थंडी आहे' याच्या पुढे गेली नव्हती.

बाळ घरी आलं आणि लगेच पहिला मोठा बर्फ पडला. नवरा सकाळीच कामावर गेलेला. आजोबांनी स्वतःचा ड्राइव्हवे साफ केला आणि कुणी न सांगता आमचाही केला. आईने वरून पाहिलं. म्हातारा माणूस फावडं घेऊन आपलं दार मोकळं करून देतोय म्हटल्यावर तिचा जीव खाली-वर व्हायला लागला. दुपारी डिंकाच्या लाडवांनी भरलेला स्टीलचा डबा ती मला न विचारता त्यांच्या दारात देऊन आली. पुढे डबा परत करायला आजोबा आले ते हे जॅकेट घालून. डबा रिकामा नव्हता, त्यात त्यांनी सफरचंदं भरली होती. माणूस रीतीभातीचा आहे, असा आईने तिथेच निकाल दिला.

जॅकेट काही साधंसुधं नव्हतं. काळं, जाडजूड कातडं, कोपरांवर झिजून तपकिरी पडलेलं. छातीवर बटणांच्या दोन रांगा, बटणंही कातड्यानेच मढवलेली. एक तिरका खिसा, रुंद कॉलर, कमरेला चार बोटं रुंद पट्टा आणि त्याला भलं मोठं बक्कल. आतून राखाडी-हिरव्या चौकड्यांचं लोकरीचं अस्तर. लढाईनंतर त्यांच्याकडे मोटरसायकल चालवणारे लोक असली जॅकेटं घालायचे म्हणे. आजोबांनी पगारातून साठवून आधी जॅकेट घेतलं, मोटरसायकल घ्यायला आणखी दोन वर्षं गेली. तोवर ते हे जॅकेट घालून साध्या सायकलवर हिंडायचे आणि सगळी गल्ली हसायची. हे त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितलं, अगदी मजेत.

पण ते नंतर. त्या दिवशी दारात आईने सरळ त्यांची लोंबती बाही धरली, बोटांनी सुई चालवायची खूण केली, आणि द्या इकडे म्हणून हात पुढे केला. आजोबा एकदम मागे सरकले. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! मी आईला आत ओढलं आणि त्यांना सॉरी म्हणाले. ते म्हणाले, नाही नाही, तसं नाही, आणि मग दारातच कसं सांगायचं असं वाटून आत येऊन टेबलाशी बसले. आईने चहा टाकला.

त्यांची बायको जवळच्याच एका नर्सिंग होममध्ये होती, विसरभोळ्या झालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी जो वेगळा भाग असतो तिथे. आधी ती किल्ल्या विसरायला लागली, मग रस्ते, मग इथे आल्यापासून बोललेलं इंग्रजीच विसरली आणि फक्त जर्मन उरलं. मुलगा लांब कॅलिफोर्नियात. त्याचा फोन आला की ती रिसीव्हर नर्सच्या हातात देते, तुमचा आहे म्हणून. आजोबांनाही ती विसरली असती. पण हे जॅकेट घालून गेले की ती त्यांना जवळ बोलावते, पट्टा धरते, कॉलरवर गाल टेकून बसते आणि नावाने हाक मारते. लग्नाआधी मोटरसायकलवर मागे बसून ती हाच पट्टा धरायची. एकदा मे महिन्यात उकडतं म्हणून ते नुसत्या शर्टावर गेले. तिने आरडाओरडा करून नर्सला बोलावलं, खोलीत कुणी परका पुरुष शिरलाय म्हणून. तेव्हापासून ते जॅकेट घातल्याशिवाय जात नाहीत आणि तिच्यासमोर काढतही नाहीत. तिथल्या खोल्या भट्टीसारख्या तापवलेल्या, घामाच्या धारा लागतात, तरी भेट संपेपर्यंत गळ्यापर्यंत बटणं लावून बसतात. अगदी जुलैमध्येसुद्धा.

"हे नसलं तर मी तिचा कुणीच नाही," ते म्हणाले, आणि चहाचा कप उगाच फिरवत राहिले.

मी आईला सगळं मराठीत सांगितलं. ती म्हणाली, त्यांना सांग, बाहेरून एक टाकासुद्धा दिसणार नाही. त्या बाईला जसं माहीत आहे तसंच राहील. पण असंच फाटत राहिलं तर बाही निखळून येईल, मग काय घालून जातील? हे मात्र आजोबांना पटलं. भेटीचा दिवस रविवार. शनिवारी जॅकेट परत हवं, असं त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. मग उठून उभे राहिले, खिसे चाचपले आणि पहिल्यांदा शाळेत सोडताना मूल बाईंच्या हाती देतात तसं ते जॅकेट आईच्या हातात दिलं.

आईने जीव ओतून काम केलं. बाळाच्या दुपट्यांसाठी ती आपली एक जुनी, मऊ झालेली सुती साडी घेऊन आली होती. त्यातलाच तुकडा दुहेरी करून तिने काखेत आणि बाहीत आतून लावला. जुनं चौकड्यांचं अस्तर जिथे तग धरून होतं तिथे तसंच ठेवलं. मी म्हटलं, आता एवढं केलंच आहेस तर वरून बुटाचं काळं पॉलिश मारून टाकू, छान चकाकेल. तर माझ्यावरच डाफरली. ते त्या बाईला ओळखीचं आहे तसंच राहू दे, शहाणपणा करू नको. इतकी ती जपत होती.

फक्त वास तिला सहन होईना. खरं सांगायचं तर मलाही नाही. पाइपची तंबाखू, पेट्रोल आणि पन्नास वर्षांचा घाम असं सगळं त्या कातड्यात मुरलं होतं. दारालगतच्या कोट ठेवायच्या कपाटात आमचं देवघर होतं, तिथे चामडं टांगायचा प्रश्नच नव्हता. म्हणून जॅकेट वॉशिंग मशीनच्या खोलीत लटकत होतं, आणि तिथे बाळाचे कपडे वाळायचे. बाळाच्या टोपड्याला तंबाखूचा वास, म्हणजे अतीच झालं. आईने बेबी शाम्पूच्या कोमट पाण्यात फडकं पिळून कॉलर पुसून काढली. मग गॅरेजमध्ये शेगडीजवळ खुर्ची ठेवली, खुर्चीच्या पाठीवर जॅकेट चढवलं आणि बाळाच्या दुपट्यांना देते तशी त्याला सणसणीत धुरी दिली, आतून आणि बाहेरून. मी दारातून बघत होते. बरं झालं बाई, म्हणाले.

शनिवारी आजोबा आले. बाहीत हात घातला, काढला, पुन्हा घातला. आतल्या साडीच्या तुकड्यावरून बोटं फिरवली. आईचे दोन्ही हात हातात घेऊन त्यांनी आभार मानले. वास बदललाय, असं म्हणून हसले. आम्हीही हसलो. त्या क्षणी आम्हा तिघांच्याही डोक्यात काही आलं नाही.

रविवारी त्यांची गाडी नेहमीपेक्षा खूप लवकर परत आली. मी पडद्याआडून पाहिलं. गाडी ड्राइव्हवेत थांबली, पण आजोबा उतरेनात. स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले. "काय पाहून राहिली नुसती?" आई मला म्हणाली आणि स्वतःच चपला सरकवून, शाल ओढून, बर्फातून गेली. कोपर धरून तिने त्यांना आमच्या स्वयंपाकघरात आणून बसवलं.

ते बरंच थांबून थांबून बोलले. ते गेले तेव्हा बायकोने नेहमीसारखं जवळ बोलावलं होतं. पट्टा धरला, कॉलरला गाल लावला आणि एकदम मान मागे घेतली. पुन्हा हुंगून पाहिलं. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी त्यांना ढकललं. पांघरूण उलटंपालटं केलं, खण उघडले, खाली वाकून पलंगाखाली पाहिलं. कशानेच थांबेना, रडायला लागली. नर्सने आजोबांना सांगितलं, आज तुम्ही जा.

एवढी वर्षं ती त्यांना जॅकेट बघून नव्हे, जॅकेटच्या वासावरून ओळखत होती. हे त्यांनाही माहीत नव्हतं, आम्हाला कुठून असणार? पण माझा स्वभाव. मी आईवर तुटून पडले, मराठीत, त्यांच्यादेखत. गणपती करायला गेलीस आणि मारुती करून बसलीस. कुणी सांगितला होता आगाऊपणा? शिवायला दिलं होतं ना, शिवून द्यायचं! एरवी आई एका वाक्याला चार परत करते. त्या दिवशी मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिली. आजोबांना भाषा कळत नव्हती, पण काय चाललंय ते कळलं. म्हणाले, त्यांना रागावू नका, शिवण फार सुंदर झाली आहे. जॅकेट गॅरेजमध्ये टांगून ठेवेन, रोज घालून पाइप ओढेन, महिन्या-दोन महिन्यांत जुना वास परत येईल. आणि मग हळूच म्हणाले, तोवर तिला मी आठवायला हवा.

तेव्हा आईने मान वर केली. "त्यांना विचार, ती शोधत काय होती?"

मी विचारलं. बाळ, ते म्हणाले. बाळ कुठे आहे, कुणी नेलं, असं सारखं विचारत होती. त्यांना वाटलं, हा आजाराचाच प्रकार.

आई उठली. ओट्यावरच्या बरण्या घेऊन आली, ओवा आणि बाळंतशेपा तळहातावर घेतला, चुरडला आणि त्यांच्या नाकापुढे धरला. आजोबांनी हुंगलं. मग त्यांनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत. त्यांच्याकडेही असंच एक बी असतं, म्हणाले, शहाजिऱ्यासारखं. मुलगा झाला त्या हिवाळ्यात त्याचं पोट फार दुखायचं. सासूबाई त्या बियांचं पाणी पाजायच्या, त्याचंच तेल कोमट करून पोटाला चोळायच्या. त्यांच्या एका खोलीच्या घरात त्या हिवाळ्यात दुसरा वासच नव्हता.

म्हणजे ती सगळंच विसरली होती असं नाही. त्या खोलीत परत गेली होती, आणि तिथे बाळ नव्हतं.

मी हे आईला सांगितलं, तशी ती लगेच म्हणाली, "त्या बाईचं बाळ हरवलंय. आपल्याकडे आहे ना बाळ? तासभर घेऊन जाऊ."

मला आधी खरंच वाटेना. जिने बाळाला खिडकीशीसुद्धा नेऊ दिलं नाही, सव्वा महिन्याच्या नावाने माझं जिणं हराम केलं, ती बाई माझं तान्हं लेकरू आजारी म्हाताऱ्यांच्या घरी न्यायला निघाली होती. मी आकाशपाताळ एक केलं. फ्लूचे दिवस आहेत. त्या बाईला शुद्ध नाही, पाडलं तर? माझं बाळ कुठेही जाणार नाही, विषय संपला. आजोबा घाईघाईने उठले, नको नको म्हणाले आणि निघून गेले. नवरा जिन्यात उभा होता, तो तिथेच राहिला.

आईने मला सगळं बोलू दिलं. मग बाळाचा लंगोट बदलता बदलता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू झालीस तेव्हा तुला उचलून काचेच्या पेटीत नेलं. मला दाखवलंसुद्धा नाही. मी झोपेतून उठायची आणि गादी चाचपायची. उशीखाली पाहायची. सगळे म्हणायचे, बाई, ठीक आहे तुझी पोरगी. पण हाताला लागत नव्हती ना. तेव्हा कुणी दुसऱ्याचं पोर जरी घटकाभर मांडीवर दिलं असतं, तरी मी त्याचे पाय धरले असते."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. मी उठून तिच्याशेजारी जाऊन बसले आणि लंगोटाची दुसरी गाठ मी बांधली. मग बाळाच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं, तिथे कुणी खोकत-शिंकत नसेल, हात धुतले असतील आणि बाळ चार जणांच्या हातात फिरणार नसेल तर थोडा वेळ जायला हरकत नाही. होममधल्या नर्सलाही आजोबांनी विचारून ठेवलं. त्या आठवड्यातच आम्ही गेलो. सव्वा महिना व्हायचा होता. आईने स्वतःच्या हाताने कायदा मोडला, पण फुकट नाही. बाळाच्या गालाला तीट लावली, तळपायाला लावली, दोन टोपडी घातली, आणि आमच्या तिघींवरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. इतक्या दिवसांनी बाहेर पाऊल टाकल्यावर थंडीने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

खोली लहान आणि खरोखरच भट्टीसारखी होती. खिडकीपाशी खुर्चीत एक गोरीपान, कापसासारख्या केसांची बाई बसली होती. कुठेच बघत नव्हती. आजोबा गळ्यापर्यंत बटणं लावून, पट्टा आवळून दारापाशी थांबले. आत यायचा त्यांना धीर होईना. नर्स कोपऱ्यात उभी राहिली. आईने हात धुतले, बाळाला दुपट्यात नीट गुंडाळलं आणि त्या बाईसमोर जाऊन सरळ जमिनीवर बसली. बाळ तिच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतःचे हात खाली तसेच धरून ठेवले.

त्या बाईचा हात आपसूक बाळाच्या मानेखाली गेला, जिथे जायला हवा तिथेच. दुसरा पाठीखाली. तिने खाली वाकून बाळाची टाळू हुंगली. पुन्हा हुंगलं. मग एवढा मोठा सुस्कारा सोडला की नर्सलाही ऐकू गेला. तिचे खांदे सैल झाले. बाळ जागं होतं, तिच्याकडे टकमक बघत होतं. ती त्याच्याशी काहीबाही बोलत राहिली, घरातल्या घरात बोलतात तसं. आई हळूहळू आपले हात काढून घेऊन बाजूला सरकली. मला आईचा इतका अभिमान वाटला, आणि इतकं रडू आलं, की मी भिंतीकडे तोंड केलं.

थोड्या वेळाने त्या बाईने वर पाहिलं. दारातल्या आजोबांकडे. काहीतरी म्हणाली, हळू, पण ठसक्यात. तिने पुन्हा म्हटलं. त्यांचा हात पट्ट्यावर गेला आणि तिथेच थांबला.

मी विचारलं, काय म्हणतात त्या?

"म्हणते, घरात जॅकेट कशाला घातलंयस? काढ."

त्यांनी नर्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. भ्यायले होते बिचारे. काढलं आणि तिने पुन्हा परक्या पुरुषासारखं हाकलून दिलं तर? मला त्यांना काढू नका असं सांगावंसं वाटत होतं आणि काढा असंही. शेवटी त्यांनी बक्कल सोडलं. एकेक बटण काढलं. बाह्यांमधून हात बाहेर आले. आईने मागून जॅकेट झेललं. आत चौकड्यांचा शर्ट होता, पाठीला घामाने चिकटलेला, आणि खांद्यांवरून पँट धरून ठेवणारे पट्टे. जॅकेटशिवाय ते अर्धेच उरले होते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. तसेच उभे राहिले, तिच्यासमोर.

तिने त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. नर्सला बोलावलं नाही. बाळ डाव्या हातावर घेतलं, उजव्या हाताने त्यांच्या शर्टाची बाही पकडून त्यांना खाली ओढलं, पलंगाच्या कडेवर बसवलं, आणि त्यांचा दंड बोटांनी चाचपून पाहिला. मग त्यांचं नाव घेतलं आणि नावापुढे दोनच शब्द बोलली.

मी आजोबांकडे पाहिलं.

"म्हणते," ते म्हणाले, "किती वाळलास."